आधी जिवाणूंना खाऊ घाला : जमिनीतल्या आणि पोटातल्याही



या पानावर एरवी लागण, खोडवा, हुमणी आणि खतांच्या मात्रा असे विषय असतात. या वेळचा विषय थोडा निराळा वाटेल, पण तो आपल्या शेतीपासून फार लांबचा नाही. विषय आहे बद्धकोष्ठतेचा, म्हणजे परसाकडे साफ न होण्याचा, आणि पोटातल्या जिवाणूंचा.

हा विषय घेण्याचे कारण असे. गटात फिरताना बांधावर बसणे होते. उसाचे बोलणे संपले की हळूच तब्येतीचे निघते. कुणी सांगतो, तीन-तीन दिवस पोट साफ होत नाही. कुणी रोज रात्री चूर्णाची पुडी घेतल्याशिवाय झोपत नाही. अलीकडे आणखी एक प्रश्न येतो. "साहेब, ती जिवाणूंची बाटली मिळते म्हणे दुकानात, प्रोबायोटिक का काय. घ्यावी का? पोरगं म्हणतंय घ्या."

मी काही वैद्य नव्हे. औषध सांगण्याचा मला अधिकार नाही आणि या लेखात तसा प्रयत्नही नाही. पण जिवाणू पाकिटातून आणून जमिनीत घालावेत का, घातले तर ते कशाने जगतात आणि कशाने मरतात, हे आपण सर्वजण बरीच वर्षे शिकत आलो आहोत. पोटातल्या जिवाणूंचे गणित पुष्कळसे त्याच रीतीचे आहे. म्हणून शेताच्या भाषेतच ते समजून घेऊ.

जिवाणू म्हणजे रोग नव्हे

जिवाणू म्हटले की घरातल्या मंडळींना आधी रोगराई आठवते. तो समज आधी दूर करावा. एक उदाहरण आपल्या कारखान्यातलेच घ्या. तोडलेला ऊस फडात पडून राहिला, तर तोडलेल्या टोकांतून त्यात जिवाणू शिरतात. त्यातला मुख्य म्हणजे ल्युकोनोस्टॉक. हा उसातली साखर खातो आणि डेक्स्ट्रान नावाचा चिकट, बुळबुळीत पदार्थ तयार करतो. रस दाट होतो, गाळणी अडखळते, साखरेचे दाणे लांबट पडतात आणि उतारा घटतो. चोवीस तासांच्या आत ऊस गव्हाणीत आला पाहिजे असा आग्रह आम्ही धरतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

आता गंमत पाहा. रात्री भिजवून वाटलेले उडीद-तांदळाचे इडलीचे पीठ सकाळी फुगून वर येते, ते फुगवणाऱ्यांतही हाच ल्युकोनोस्टॉक पुढे असतो. कारखान्यात जो चोर, तोच स्वयंपाकघरात गडी. जिवाणू चांगला की वाईट हे त्याच्या जातीइतकेच तो कुठे आहे आणि काय खातो आहे यावर ठरते. हे सूत्र पुढे पुन्हा लागणार आहे.

पोटातले शेत

आपण खाल्लेले अन्न जठरातून लहान आतड्यात जाते. पिष्ट, साखर, प्रथिने आणि स्निग्धांश यांतला बहुतेक भाग तिथे शोषला जातो. जे पचत नाही ते मोठ्या आतड्यात उतरते. मोठे आतडे सुमारे पाच फूट लांब असते. शरीरातले बहुतेक जिवाणू तिथेच नांदतात.

त्यांची संख्या किती? २०१६ साली इस्राएल आणि कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी काळजीपूर्वक हिशेब मांडला. त्यात सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या अंगात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू आणि माणसाच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी असा आकडा आला. म्हणजे दोन्ही जवळजवळ बरोबरीचे. एवढ्या सगळ्या जिवाणूंचे वजन मात्र पावशेराच्या आसपास, साधारण २०० ग्रॅम.

हे पाहुणे फुकट राहत नाहीत. आपल्याला न पचणारा चोथा ते आंबवतात. त्यातून ॲसिटिक, प्रोपिओनिक आणि ब्युटिरिक अशी आम्ले तयार होतात. यातले ब्युटिरिक आम्ल हे मोठ्या आतड्याच्या अस्तराचे मुख्य खाद्य आहे. म्हणजे आपण जिवाणूंना चोथा घालायचा आणि जिवाणूंनी आतड्याला जेवू घालायचे, असा हा वाटेकरीचा व्यवहार आहे.

गाईबैलांच्या बाबतीत हे आपल्याला ठाऊक आहेच. कडबा पचवण्याची ताकद बैलाच्या स्वतःच्या अंगात नाही. त्याच्या पहिल्या पोटात जे सूक्ष्मजीव असतात ते कडबा फोडतात आणि त्यांच्या जिवावर बैल नांगर ओढतो. जनावराचा चारा एकाएकी बदलला की पोट फुगते, कारण आतल्या जिवाणूंना नव्या चाऱ्याची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. माणसाचे पोट बैलासारखे नाही, पण सवयीचा हा नियम त्यालाही लागू आहे.

खडा का होतो

मोठ्या आतड्यात रोज साधारण दीड लिटर पातळ ऐवज येतो. आतडे त्यातले पाणी शोषते. शेवटी मलाबरोबर शंभर ते दोनशे मिलिलिटर पाणीच बाहेर जाते. मल जितका जास्त वेळ आत रेंगाळेल तितके पाणी ओढले जाणार आणि तितका तो कोरडा होणार. चारीला पाण्याचा रेटा कमी पडला की गाळ बसतो, तसाच हा प्रकार आहे.

हा रेटा कशाने येतो? मलाच्या आकारमानाने. मल भरपूर आणि मऊ असेल तर आतड्याच्या भिंतीला ताण बसतो आणि ती त्याला पुढे ढकलते. हे आकारमान दोन गोष्टींनी वाढते. एक म्हणजे न पचलेला चोथा आणि त्याने धरून ठेवलेले पाणी. दुसरी म्हणजे खुद्द जिवाणू. मलातले पाणी वजा केले, तर उरलेल्या घन भागात पाव ते निम्मा हिस्सा जिवाणूंचाच असतो. हे पुष्कळांना नवल वाटेल. चोथा खाऊन जिवाणू वाढले की मलही वाढतो, आणि चोथा कमी झाला की दोन्ही घटते.

डेनिस बर्किट हे शल्यचिकित्सक पुष्कळ वर्षे युगांडात होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली एक तुलना प्रसिद्ध केली. इंग्लंडमधल्या आरमारी कुटुंबांत अन्न तोंडातून आत गेल्यापासून बाहेर पडेपर्यंत सरासरी सुमारे ८३ तास लागत होते आणि रोजचा मल होता सुमारे १०० ग्रॅम. युगांडातल्या खेडुतांत हाच वेळ सुमारे ३५ तास आणि मल सुमारे ४७० ग्रॅम. इंग्लंडच्या ताटात पांढरा पाव आणि साखर होती, युगांडाच्या ताटात कंद, केळी आणि कडधान्ये. एवढ्या एका तुलनेवरून सगळे सिद्ध होत नाही, पण चोथ्याकडे जगाचे लक्ष वळले ते या सुमारास.

पोटातला गोबरगॅस

ज्यांच्या दारात गोबरगॅस आहे त्यांना एक गोष्ट सहज पटेल. हवाबंद टाकीत शेण कुजते तेव्हा मिथेन वायू तयार होतो. तो तयार करणारे सूक्ष्मजीव माणसाच्या आतड्यातही असतात. सगळ्यांत सारख्या प्रमाणात नसतात, काहींत फार थोडे तर काहींत पुष्कळ. बद्धकोष्ठतेच्या रोग्यांपैकी काहींच्या श्वासात मिथेन जास्त आढळतो आणि मिथेनमुळे आतड्याची चाल मंदावते असे प्रयोगांत दिसले आहे. मल रेंगाळला की या सूक्ष्मजीवांना आणखी वेळ मिळतो, ते आणखी वाढतात आणि चाल आणखी मंदावते. म्हणजे एक चक्रच तयार होते. म्हणूनच काही माणसांनी चोथा वाढवला तरी आराम न पडता उलट पोट गच्च होते. अशांनी हट्टाने कोंडा खात बसू नये. डॉक्टरांना दाखवावे.

पाकिटातले जिवाणू

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जिवाणू विकत आणून पोटात घालावेत का?

ही कल्पना जुनी आहे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतले इल्या मेचनिकॉफ यांना १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामाबद्दल. त्याच काळात ते असेही मांडत होते, की बल्गेरियातले शेतकरी आंबट दही खातात आणि दीर्घायुषी होतात, तेव्हा दह्यातले जिवाणू आतड्याला हितकर असले पाहिजेत. दीर्घायुष्याचा त्यांचा तर्क पुढे टिकला नाही, पण विचार टिकला. जपानमध्ये डॉ. मिनोरू शिरोता यांनी १९३० साली आतड्यात तग धरणारा एक वाण वेगळा केला आणि १९३५ पासून त्याचे आंबवलेले दूध बाटलीतून विकले जाऊ लागले.

प्रोबायोटिक कशाला म्हणावे हे २००१ साली अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी ठरवले. तीन अटी त्यात आहेत. जिवाणू जिवंत असले पाहिजेत, पुरेशा संख्येने दिले पाहिजेत आणि घेणाऱ्याला त्याचा फायदा झाला पाहिजे.

या अटी तुम्हाला ओळखीच्या वाटतील. जिवाणू खताच्या पाकिटाला आपण हेच विचारतो. खत नियंत्रण आदेशात २००६ साली जिवाणू खते आली, तेव्हा भुकटीच्या दर ग्रॅमला किमान पाच कोटी जिवंत जिवाणू असावेत असे ठरले. जिवाणू कोणत्या जातीचे, तयार केल्याची तारीख कोणती, वापरण्याची मुदत कधीपर्यंत आणि पाकीट उन्हात तर पडले नव्हते ना, हे पाहिल्याशिवाय घेऊ नका असे आम्ही सांगतो. खाण्याच्या बाबतीतही तसेच आहे. आपल्याकडच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांत दिवसाच्या मात्रेत किमान दहा कोटी जिवंत जिवाणूंची अट घातली गेली. वेष्टनावर जिवाणूची पूर्ण जात आणि संख्या लिहिलेली नसेल, तर ती वस्तू नुसत्या नावाची प्रोबायोटिक समजावी.

मग गुण येतो का? लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी २०१४ साली त्या वेळपर्यंतच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या. बद्धकोष्ठतेच्या रोग्यांत प्रोबायोटिकमुळे अन्नाचा प्रवास सरासरी सुमारे १२ तासांनी लवकर झाला आणि आठवड्यात शौचाच्या फेऱ्या सुमारे सव्वाने वाढल्या. बायफिडोबॅक्टेरियम लॅक्टिस या जातीचा निकाल त्यात बरा होता, दुसऱ्या काहींचा विशेष नव्हता. पण चाचण्या लहान होत्या आणि त्यांचे निकाल एकमेकांशी फारसे जुळत नव्हते, तेव्हा जपून घ्या, असे त्या संशोधकांनीच बजावले आहे. म्हणजे फायदा काहींना होतो, थोडा होतो आणि वाणावर अवलंबून असतो. को-८६०३२ चा अनुभव सगळ्याच वाणांना लावता येत नाही, तेच इथेही.

दुसरी गोष्ट अशी, की बाहेरून घातलेले हे जिवाणू बहुधा आतड्यात घर करत नाहीत. घेणे बंद केले की काही दिवसांत किंवा आठवड्यांत ते दिसेनासे होतात. आतले मूळचे रहिवासी त्यांना जागा देत नाहीत.

पाचट जाळून पाकीट आणणे

इथे माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो.

उसाच्या आतल्या भागात राहून हवेतला नत्र स्थिर करणारा ॲसिटोबॅक्टर हा जिवाणू ब्राझीलमध्ये सापडला. त्याची माहिती १९८८ साली योहाना डोबेरायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. आज आपण त्याची बेणेप्रक्रिया करतो आणि ती करावीच. पण काही सभासद काय करतात? खोडव्याचे पाचट पेटवून देतात. एकरी तीन-चार टन सेंद्रिय पदार्थ तासाभरात धूर होऊन जातो. नंतर हेच सभासद दुकानातून जिवाणूंची बाटली आणून त्या जळक्या रानात ओततात आणि गुण आला नाही म्हणून तक्रार करतात. गुण कसा यावा? जिवाणूंना खायला काही ठेवलेच नाही.

पोटाचेही आपण तेच केले आहे. आपला सोलापूर जिल्हा ज्वारीचा. मालदांडीतून निवडलेला ३५-१ हा वाण १९३० च्या दशकात आपल्याच मोहोळला तयार झाला. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले, पाणी आले, ऊस आला आणि कारखाने आले. त्याचे भले आपण सर्वांनी पाहिले आहे. पण पाण्याबरोबर ताटही बदलले. भाकरीच्या जागी भात आला, न्याहारीला खारी-टोस्ट आले, आणि पीठ चाळून कोंडा जनावराच्या बादलीत जाऊ लागला. पाचट जाळले, तसा हा चोथाही गेला. आता बाटली आणून भागेल का?

चोथ्याचा जमाखर्च

प्रौढ माणसाच्या पोटात रोज किमान २५ ग्रॅम चोथा जावा असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांवरून काही अंदाज देतो. हे आकडे दर १०० ग्रॅम कच्च्या मालाचे आहेत.

ज्वारी : सुमारे १० ग्रॅम
बाजरी : सुमारे साडेअकरा
गहू, कोंड्यासह : सुमारे ११
सडलेला पांढरा तांदूळ : तीनपेक्षा कमी
मैदा : तीनपेक्षा कमी
तूरडाळ : सुमारे ९
अख्खा हरभरा : सुमारे २५
पेरू : आठच्या वर

या तक्त्यावरून गव्हाला नावे ठेवण्याचे कारण नाही, हे ध्यानात यावे. न चाळलेल्या पिठाची चपाती ज्वारीइतकीच कामाची आहे. नुकसान होते ते चाळणीने, मैद्याने आणि नुसत्या भातावर भागवण्याने.

आता दोन ताटे मांडू. पहिल्या घरात दिवसाला तीन भाकरी, म्हणजे अंदाजे २०० ग्रॅम पीठ : २० ग्रॅम चोथा. मूठभर हरभऱ्याची उसळ : सात. पालेभाजी : चार-पाच. एक पेरू : आठ. एकूण चाळीसच्या घरात. दुसऱ्या घरात दोन्ही वेळचा भात मिळून २०० ग्रॅम तांदूळ : साडेपाच. पातळ वरण : अडीच-तीन. बटाट्याची भाजी : दीड-दोन. चहाबरोबर मैद्याची बिस्किटे : एक-दीड. एकूण अकरा-बारा. दोन्ही घरे पोटभर जेवली. पण दुसऱ्या घरातले जिवाणू मात्र उपाशी राहिले.

ताक, आंबील आणि शिळी भाकरी

घरच्या विरजणाच्या दह्यात आणि ताकात जिवंत जिवाणू असतात. प्रत्येक घरच्या विरजणातली जात वेगळी आणि त्यांची मोजदाद झालेली नाही, म्हणून शास्त्राच्या काट्याने त्याला प्रोबायोटिक म्हणता येत नाही. पण ताक आहारात असावे. ते पाणी देते, पचायला हलके असते आणि स्वस्त पडते. ताकाची कढी केली, उकळी आली की जिवाणू मेले. कढी चवीची, पण जिवाणूंच्या हिशेबात ती धरू नये. ज्वारीचे पीठ ताकात आंबवून शिजवलेल्या आंबिलीचेही तसेच. शिजल्यावर जिवाणू उरत नाहीत, मात्र आंबवल्याने पीठ पचायला सोपे होते आणि पाणीही पोटात जाते. सोलापूरच्या उन्हाळ्यात ती गोष्ट लहान नाही.

शिळ्या भाकरीला उगाच हिणवू नये. भाकरी थंड झाली की तिच्यातल्या पिष्टाचा काही भाग असा घट्ट होतो की तो लहान आतड्यात पचत नाही. तो मोठ्या आतड्यात जाऊन जिवाणूंचा घास होतो. रात्रीची भाकरी सकाळी ताकात कुस्करून खाणाऱ्या जुन्या माणसांना याचे शास्त्र माहीत नव्हते, रीत माहीत होती. मात्र बुरशीचा ठिपका किंवा वास आलेली भाकरी टाकून द्यावी.

काय करावे

१. चोथा हळूहळू वाढवावा. युरियाचा हप्ता एकदम टाकत नाही, तसेच हे. दोन-तीन आठवड्यांत भागशः वाढवावा. एकदम वाढवल्यास पोट फुगते आणि माणूस कंटाळून सोडून देतो.

२. चोथ्याबरोबर पाणी हवेच. कोरड्या रानात खत टाकून उपयोग नसतो. उन्हात काम करणाऱ्याने तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असेल त्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे.

३. वेळ पाळावी. सकाळी उठल्यावर आणि काही खाल्ल्या-प्यायल्यावर मोठे आतडे आपोआप हलते. ती हाक आली की उठावे. मोटार सुरू करायची आहे, दूध घालायचे आहे म्हणून रोज दाबून धरले की हाक क्षीण होत जाते.

४. उकिडवे बसावे. त्या बैठकीत गुदमार्ग सरळ होतो आणि कुंथावे लागत नाही. गुडघ्यांमुळे कमोड वापरणाऱ्यांनी पायांखाली छोटा पाट घ्यावा.

५. इसबगोल घ्यायचे तर रीतसर घ्यावे. २०२२ साली चाचण्यांचा आढावा घेतला गेला, तेव्हा दिवसाला दहा ग्रॅमच्या वर आणि किमान चार आठवडे घेतल्यास गुण जास्त दिसला. दहा ग्रॅम म्हणजे अंदाजे दोन मोठे चमचे भुसी. भरपूर पाण्यात कालवून लगेच प्यावी, कोरडी कधीही गिळू नये. इतर औषधे आणि इसबगोल यांत दोन तासांचे अंतर ठेवावे.

६. चूर्णाची पुडी वाचून घ्यावी. बऱ्याच चूर्णांत सोनामुखी असते. ती आतड्याला चाबूक मारून पळवते. अडीनडीला हरकत नाही, पण चाबूक म्हणजे वैरण नव्हे. रोजच लागत असेल तर डॉक्टरांना सांगावे.

७. औषधांकडे पाहावे. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, रक्तदाबाची काही औषधे आणि काही वेदनाशामके यांनीही पोट धरते. मनाने बंद करू नयेत, पण डॉक्टरांच्या कानावर घालावे. तसेच सर्दी-पडशाला स्वतःहून प्रतिजैविके घेऊ नयेत. ती तणनाशकासारखी आहेत. रोगाबरोबर कामाचे जिवाणूही मारतात आणि घडी पुन्हा बसायला आठवडे, कधी महिने लागतात.

८. प्रोबायोटिक घेऊन पाहायचेच असेल तर जात आणि संख्या लिहिलेले घ्यावे, चार आठवडे घ्यावे आणि गुण नसेल तर पैसे वाचवावेत. गंभीर आजारी, प्रतिकारशक्ती कमी झालेले रोगी आणि अपुऱ्या दिवसांची बाळे यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

रोज एकदा झालेच पाहिजे असेही नाही. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यातले काहीही निरोगी माणसात असू शकते. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा होणे, खडे पडणे, कुंथावे लागणे आणि साफ न झाल्याची भावना राहणे ही बद्धकोष्ठतेची खूण.

इथे घरगुती उपाय थांबवावेत

मलातून रक्त पडणे, मल डांबरासारखा काळा होणे, कारण नसता वजन घटणे, अंगात रक्त कमी होणे, पन्नाशीच्या आसपास किंवा नंतर शौचाची जुनी सवय अचानक बदलणे, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणे. यातले काहीही असेल तर चूर्ण नको, बाटली नको, लेखही नको. सरळ डॉक्टर गाठावा. पोट फुगून उलट्या होत आहेत आणि वारासुद्धा सरत नाही, असे असेल तर त्याच तासाला निघावे. रक्त पडले की मूळव्याधच असणार असे धरून, पाटीवर हमी लिहिणाऱ्याकडे महिने घालवणारी माणसे आपल्या भागात आहेत. तपासणीअंती मूळव्याध निघाली तर आनंदच आहे, पण तपासणी आधी. तालुक्याचे ग्रामीण रुग्णालय आहे, सोलापूरला सिव्हिल आहे. लाज धरण्यासारखा हा आजार नाही.

फडातल्या माणसांचे

एक गोष्ट सभासदांच्या हातातली आहे, ती सांगतो. हंगामात आपल्या रानात कोयते येतात. नवरा-बायको पहाटे फडात उतरतात. आडोसा नाही म्हणून बायामाणसे दिवसभर पाणी पीत नाहीत आणि आलेली हाक दाबून धरतात. वर जे दोन नियम लिहिले, पाण्याचा आणि वेळेचा, ते दोन्ही तिथे रोज मोडतात, आणि यात दोष त्या बायांचा नसतो. आपला ऊस तुटेपर्यंत फडाच्या कडेला पिण्याच्या पाण्याचा पिंप, आणि वस्तीवरचे किंवा मोटारीजवळचे संडास वापरायची मोकळीक, नसेल तर चार बांबू आणि ताडपत्रीचा आडोसा, एवढे प्रत्येक सभासदाला जमण्यासारखे आहे. खर्च एका पाण्याच्या पाळीएवढाही नाही.

शेवटी ऊस विकास अधिकाऱ्याने सांगू नये अशी एक गोष्ट सांगतो. सगळेच रान उसाखाली घालू नका. पाणी न पोचणारा एखादा तुकडा ज्वारीला ठेवा. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात पेरलेली ज्वारी घरापुरती पिकेल आणि कडबा जनावरांना होईल. खोडवा मोडल्यावर उशिरा का होईना, एक हरभरा घ्या. रानाला नत्र मिळेल आणि घरात उसळ शिजेल. उसाच्या बिलाचा पैसा बँकेत जमा होतो आणि तो झालाच पाहिजे. पण पोटातल्या गड्यांची मजुरी पैशात देता येत नाही, ती धान्यातच द्यावी लागते.

पाचट जाळू नका, कोंडा चाळू नका. एवढे जपले तर पाकीट आणायचे की नाही हा प्रश्न मागाहून ठरवता येईल.

आपला,
ऊस विकास अधिकारी